आसन हलते तेव्हा ध्यान कुठे असते?

सूर्यनमस्काराची तिसरी स्थिती संपते आणि चौथी सुरू होते, त्या मधल्या दीड-दोन सेकंदांकडे सहसा कुणी पाहत नाही. तळवे जमिनीवर टेकलेले, एक पाय मागे निघालेला, गुडघा टेकायच्या बेतात, मान वर चाललेली. शिक्षक ‘चार’ म्हणतात आणि सगळा वर्ग एका दमात मागे सरकतो. तिसऱ्या स्थितीत लक्ष पोटरीतल्या ताणावर होते, चौथीत ते जांघेतल्या ताणावर जाईल. मधल्या वाटेवर मात्र ते बहुतेकदा शेजारच्या चटईवर, गॅसवर राहिलेल्या दुधावर किंवा साडेनऊच्या लोकलवर असते.

‘योगाभ्यास म्हणजे हालचालीतले ध्यान’ हे वाक्य आज मुंबईच्या उपनगरातल्या सकाळच्या वर्गापासून न्यूयॉर्कच्या स्टुडिओपर्यंत कुठेही ऐकू येते. त्याचा खरेखोटेपणा याच दीड-दोन सेकंदांवर ठरतो, असे मला वाटते. पण आजवरच्या चर्चेत दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतून गेले आहेत. एक इतिहासाचा: आपल्या परंपरेने हलत्या शरीराला ध्यान मानले होते का? दुसरा अनुभवाचा: परंपरा काहीही म्हणो, हलता हलता ध्यान लागते का? पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घातले की वाद पेटतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवून, क्रमाने पाहू.

बसलेले शरीर

पतंजलींची योगसूत्रे पाठभेदाप्रमाणे १९५ किंवा १९६ आहेत. त्यांपैकी आसनाच्या वाट्याला आली आहेत तीन. आसन स्थिर आणि सुखाचे हवे, प्रयत्न सैल सोडून चित्त अनंताकडे लावले की ते साधते, मग थंडी-ऊन यांसारखी द्वंद्वे त्रास देत नाहीत, एवढाच त्यांचा आशय. व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन अशी नावे येतात, ती मुख्यतः बैठकीची. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही जागा, बैठक, पाठ-मान-डोके सरळ ठेवणे आणि नजर यांचीच काळजी आहे. ज्ञानेश्वरीतला योगही बसलेल्याच शरीरात घडतो. १२९० मध्ये, म्हणजे शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेव टाच, मांडी, हनुवटी, पोट यांचे बंध एकेक करून सांगतात आणि मग कुंडलिनीच्या जागे होण्याचे वर्णन सुरू होते. मराठीतले योगाचे इतके बारीक शरीरवर्णन उठत नाही, वाकत नाही, चालत नाही. जे काही हलते ते आत हलते.

ध्यानाची पतंजलींनी केलेली व्याख्या मात्र प्रवाहाचीच आहे. चित्त एका जागी बांधणे ही धारणा. त्या जागी एकाच प्रत्ययाची सलग धार लागणे हे ध्यान. टीकाकार त्यासाठी तेलाच्या अखंड धारेचा दाखला देतात. म्हणजे ‘फ्लो’ हा शब्द आज शरीराला लावला जातो, ग्रंथात तो मनाचा आहे. आठ अंगांच्या क्रमात आसन तिसरे, ध्यान सातवे. मध्ये प्राणायाम, प्रत्याहार आणि धारणा असे तीन मुक्काम.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होता येईल, आणि अनेक जण होतातही. पण त्या तीन सूत्रांपैकी दुसरे अडचणीचे आहे. आसन साधण्यासाठीच चित्त अनंताकडे लावायला ते सांगते, म्हणजे तिसऱ्या अंगाच्या पोटात सातव्याची खूण आधीच आहे. आसनालाच ध्यान मानणाऱ्यांनी पुढे याच फटीतून वाट काढली.

उभे शरीर आले कुठून

पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत १५ आसने आहेत, घेरंडसंहितेत ३२. त्यांत मयूरासनासारखी तोलाची आसने आहेत, पण एका आसनातून दुसऱ्यात श्वासाबरोबर सरकत जाणे असे काही नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासकांना एक कोडे पडले: शेकडो आसने, त्यांची साखळी, त्यांतली उडी आणि दंड हे सगळे आले कुठून? नॉर्मन स्योमन यांचा म्हैसूर राजवाड्यातल्या योगपरंपरेवरचा ग्रंथ १९९६ चा, मार्क सिंगलटन यांचा ‘योग बॉडी’ २०१० चा. दोघांचा रोख ढोबळमानाने असा, की आज आपण जो योगाभ्यास करतो त्यात आखाडा, युरोपीय जिम्नॅस्टिक्स आणि विसाव्या शतकातली व्यायामचळवळ यांचा वाटा मोठा आहे. भारतात यावर बरीच नाराजी झाली. परदेशी विद्वान आपला वारसा नाकारताहेत असा सूर लागला.

या वादाला पुढे जे वळण मिळाले त्याचा धागा पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘हठाभ्यासपद्धति’ नावाची संस्कृत पोथी आहे. कर्त्याचे नाव कपालकुरंटक. लंडनच्या ‘सोअस’ या संस्थेतल्या हठयोगप्रकल्पात जेसन बर्च आणि सिंगलटन यांनी तिचा अभ्यास केला आणि २०१९ मध्ये त्यावर लिहिले. त्यांच्या मते ती अठराव्या शतकातली असावी. तिच्यात ११२ आसने आहेत: उताणी, पालथी, बैठी, उभी आणि दोराला लोंबकळून करायचीही. काहींत एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायला सांगितली आहे. एक तर आपल्या दंडाचेच भावंड शोभावे. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वोडेयार यांच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथात जी १२२ आसने आहेत, त्यांचे मूळ याच परंपरेत असल्याचे या अभ्यासकांनी दाखवले. म्हणजे हलते आसन इंग्रजांच्या कवायतीच्या आधीपासून आपल्याकडे होते. ज्यांच्या ग्रंथावर सर्वांत जास्त टीका झाली त्या सिंगलटन यांनीच हा पुरावा पुढे आणण्यात हात लावला, हे मला या वादातले सर्वांत लोभस वाटते.

गंमत अशी की म्हैसूर परंपरेत ‘योगकुरुंट’ नावाच्या ग्रंथाची दंतकथा सांगितली जाते. ताडपत्रांवरचा हा ग्रंथ मुंग्यांनी खाल्ला, म्हणून आज मिळत नाही, अशी ती कथा. पुण्याच्या पोथीच्या कर्त्याचे नाव कुरंटक निघाल्यावर दोन्हींचा संबंध असेल का, ही शंका येणारच. अजून ती शंकाच आहे.

पण पोथीने हालचालीचा वारसा सिद्ध झाला तरी हालचालीतल्या ध्यानाचा झाला नाही. या पोथीत आसने शरीर खंबीर करण्यासाठी आहेत. शरीर तयार झाले की पुढच्या क्रिया. मधला मुक्काम तिथेही मधलाच आहे.

विसाव्या शतकात या हलत्या शरीराला घर मिळाले ते तीन ठिकाणी, आणि त्यांतली दोन महाराष्ट्रात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले. १९३८ मध्ये इंग्लंडात निघालेल्या त्यांच्या पुस्तकात दहा स्थितींचा नमस्कार आहे. पंतांचा भर आरोग्यावर होता, पण त्यांच्या नमस्काराला बीजमंत्रांचा मोठ्याने उच्चार जोडलेला होता, हे आज विसरले जाते. मंत्र, श्वास आणि हालचाल यांची सांगड त्यात होतीच. फक्त त्याला ध्यान म्हणायची गरज पंतांना वाटली नाही. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक योगेंद्रजी यांना तर सूर्यनमस्कार योगात मिसळणेच मान्य नव्हते. म्हैसूरलाही १९३० च्या दशकात नमस्काराचे वर्ग योगशाळेपासून वेगळे चालत.

दुसरे ठिकाण लोणावळा. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले आणि नंतर नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासांचे शिष्य. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम उभे केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक. उड्डियान आणि नौली यांच्या वेळी पोटात काय होते ते त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने पाहिले. आसन सावकाश, झटका न देता, स्थिर राहून करावे, हा त्यांचा आग्रह. त्याचबरोबर शाळा-आखाड्यांसाठी त्यांनी ‘यौगिक संघव्यायाम’ही बांधला, म्हणजे आकड्यांच्या तालावर सगळ्यांनी एकत्र करायचा व्यायाम. आजच्या वर्गातल्या त्या ‘चार’ला अशा आज्ञांचा वास येतो.

तिसरे म्हैसूर. तिरुमलै कृष्णमाचार्यांनी राजवाड्यातल्या योगशाळेत श्वासाशी बांधलेल्या हालचालींची मांडणी केली. त्यांचे ‘योगमकरंद’ १९३४ मध्ये कन्नडात निघाले. त्यांच्या शिष्यांनी पुढे तीन वाटा धरल्या. पट्टाभि जोइस यांची अष्टांगविन्यास सतत चालणारी. टी. के. व्ही. देशिकाचार यांची माणूस पाहून बेतलेली. आणि बी. के. एस. अय्यंगार यांची थांबणारी. १९३७ मध्ये काही महिन्यांसाठी पुण्यात डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आलेले अय्यंगार पुण्याचेच झाले.

कोण काय म्हणते

आज या प्रश्नावर जी मते ऐकू येतात, त्यांतले पहिले पायरीचे. आसन ही तयारी. शरीर त्रास देईनासे झाले, की बसावे. आंतरराष्ट्रीय योगदिनाच्या ४५ मिनिटांच्या सामायिक पाठातही हाच क्रम आहे: सैल करणाऱ्या हालचाली, आसने, कपालभाती, प्राणायाम आणि मग वेगळे ध्यान. या मताच्या लोकांचा आक्षेप असा, की हलणाऱ्या शरीराला तोल सांभाळावा लागतो आणि तोल सांभाळणारे मन सतत पुढचा निर्णय घेत असते. निर्णय घेणारे मन धारणेपर्यंत पोहोचेल, धार लागणे कठीण. हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही.

अय्यंगारांनी याला उलट उत्तर दिले. त्यांच्या मते आठही अंगे प्रत्येक आसनात एकत्र असतात. ध्यान ही आसनानंतरची पायरी नाही, आसन नीट झाले की ते आतच असते. पण त्यांच्या वर्गात गेलेल्यांना ठाऊक आहे की तिथे वाहणे कमी आणि थांबणे जास्त. त्रिकोणासनात उभे राहून मागच्या पायाच्या टाचेची बाहेरची कड जमिनीला लागली आहे का, हे पाहताना गुडघ्याची वाटी ढिली पडते. ती वर उचलावी तर पुढच्या पायाचा अंगठा सुटतो. लक्ष एका बिंदूवर बांधायचे नाही, अंगभर पसरवायचे. ही धारणेची जुनी कल्पना नव्हे. तिचे वेगळे रूप आहे. ते पतंजलींच्या चौकटीत बसते का, यावर जाणत्यांत एकमत नाही. माझ्या मते दुसऱ्या आसनसूत्राचा आधार घेतला तर बसते, पण जरा ओढाताण करून.

विन्यासपंथीयांची भूमिका त्याहून पुढची. श्वास, आसन आणि नजर ही तीन ठिकाणे सांभाळली की मनाला भटकायला जागा उरत नाही, असे जोइस यांच्या परंपरेत शिकवतात. क्रम ठरलेला असतो, म्हणून ‘पुढे काय’ हा निर्णय उरत नाही. पहिल्या मताच्या आक्षेपाला हे बऱ्यापैकी उत्तर आहे. मात्र हे उत्तर ठरलेल्या क्रमालाच लागू पडते. रोज नवा क्रम, वर गाणी आणि समोर भिंतभर आरसा असलेल्या वर्गाला ते लागू पडत नाही, आणि हल्ली ‘हालचालीतले ध्यान’ ही पाटी बहुधा अशाच वर्गावर दिसते.

बौद्ध परंपरांकडे या वादात फार कमी वेळा पाहिले जाते, वास्तविक त्यांनी चालण्याला पहिल्यापासून ध्यानात जागा दिली. सतिपट्ठानाच्या शिकवणीत चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे या चारही स्थिती जागेपणाच्या आहेत. ब्रह्मदेशातल्या महासी परंपरेत बसणे आणि चालणे आलटून पालटून चालते. जपानी झेनमध्ये दोन बैठकांच्या मध्ये सावकाश चालण्याचा पाठ असतो. उलट इगतपुरीच्या धम्मगिरीत सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीचे दहा दिवसांचे शिबिर मुख्यतः बसूनच होते आणि शिबिराच्या काळात आसनांना परवानगी नसते. म्हणजे बौद्धांमध्येही एकच एक मत नाही. वारीलाही हल्ली काही जण चालते ध्यान म्हणू लागले आहेत. वारकऱ्याला विचारले तर तो नामस्मरण म्हणेल, आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे बरे.

मोजल्यावर काय दिसले

हालचाल आणि ध्यान यांची सांगड भारतात सर्वांत पद्धतशीरपणे तपासली गेली ती बेंगळुरूच्या विवेकानंद योग अनुसंधान संस्थेत. तिथले ‘आवर्तन ध्यान’ मांडूक्यकारिकेतल्या एका कल्पनेवर उभे आहे: मन सुस्तावले तर जागे करा, विखुरले तर शांत करा. प्रत्यक्षात ते असे चालते. डोळे मिटून आडवे होणे, अंग आवळून सोडणे. डाव्या कुशीवरून हळूहळू उठून उभे राहणे आणि दोन्ही पावलांवर वजन सारखे पडले का ते जाणणे. मग उजव्या बाजूला अर्धकटिचक्रासन, सव्वा मिनिटभर. परत येऊन मिनिटभर नुसते उभे राहणे, बोटांच्या टोकांपर्यंत काय जाणवते ते पाहणे. मग डावी बाजू, पुन्हा थांबा. पादहस्तासन, थांबा, अर्धचक्रासन आणि शेवटी शवासन. सगळे मिळून साडेबावीस मिनिटे, आणि डोळे एकदाही उघडायचे नाहीत.

शर्ली टेलिस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ४० पुरुषांवर याची शवासनाशी तुलना केली. नंतर मोजलेला प्राणवायूचा वापर आवर्तन ध्यानाने ३२.१ टक्क्यांनी घटला, तेवढाच वेळ नुसते शवासन केल्याने १०.१ टक्क्यांनी. मध्ये उभे राहून, वाकून झाल्यावरही विश्रांती जास्त खोल. २००६ मध्ये त्याच संस्थेत सरंग आणि टेलिस यांनी अभ्यास चालू असतानाही मोजले. आसनांच्या वेळी वापर अपेक्षेप्रमाणे वाढला आणि संपल्यावर मूळ पातळीच्या १९.३ टक्के खाली गेला.

हे आकडे लक्षवेधी आहेत, पण त्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी सोडून चालणार नाहीत. पद्धत बसवणारी आणि तपासणारी संस्था एकच आहे. आणि प्राणवायूची बचत हे विश्रांतीचे माप आहे, ध्यानाचे नव्हे. गाढ झोपेतही ती होते.

अमेरिकेत हा विषय वेगळ्या दाराने आला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताणग्रस्त रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात तीन गोष्टी होत्या: बसून ध्यान, आडवे पडून अंगभर लक्ष फिरवणे आणि सजग हठयोग. म्हणजे तुलना करायला तिन्ही एकाच ठिकाणी मिळाल्या. जेम्स कारमोडी आणि रूथ बेअर यांनी २००८ मध्ये १७४ जणांच्या घरच्या सरावाचे तास आणि त्यांच्यात झालेला बदल यांचा मेळ पाहिला, तेव्हा योगाच्या तासांचा संबंध बसण्याच्या तासांपेक्षा जास्त ठिकाणी दिसला. २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने १४१ विद्यार्थ्यांना तीन भागांत विभागून प्रत्येकाला एकच प्रकार दिला. मानसिक स्वास्थ्य सजग योगाने जास्त सुधारले. मनात येईल त्याला बरेवाईट न म्हणता पाहण्याची सवय मात्र बसून ध्यान करणाऱ्यांत अंग-निरीक्षण करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो कुणालाच पूर्ण जिंकू देत नाही. बरे वाटणे आणि तटस्थपणे पाहता येणे या दोन गोष्टी आहेत, आणि त्या दोन वेगळ्या दारांनी येत असाव्यात.

त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात नेहा गोठे यांनी ३० विद्यार्थिनींची वीस मिनिटांचा योग आणि वीस मिनिटांचे ट्रेडमिल यांत तुलना केली. लगेच नंतरच्या लक्ष आणि स्मृती यांच्या चाचण्यांत योगाची बाजू वरचढ ठरली. पण त्या योगसत्राचा शेवट ध्यानाच्या बैठकीने झाला होता. मग श्रेय वाकण्याला द्यायचे, श्वासाला की त्या बैठकीला? या क्षेत्रातल्या बहुतेक अभ्यासांची हीच गत आहे. खिचडी चविष्ट झाली हे कळते, मिठाने की तुपाने ते कळत नाही.

एका ठिकाणी मात्र हालचालीची बाजू स्पष्टपणे जड दिसते. बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये मानसिक आघाताने दीर्घकाळ ग्रासलेल्या ६४ स्त्रियांवर अभ्यास केला. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणींत त्या विकाराचे निदान उरले नाही. आरोग्यविषयक माहितीचे वर्ग केलेल्या २९ पैकी ६ जणींत. अशा माणसाला डोळे मिटून शांत बसा म्हणणे कधी कधी क्रूरपणाचे ठरते, कारण शांततेतच जुनी भीती वर येते. पाय जमिनीवर आहे, हात मी उचलते आहे, एवढे जाणवणेही तिथे पुरेसे आधाराचे असते.

उलट बाजूचा एक इशाराही नोंदवला पाहिजे. साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनुभवी साधकांना, तिबेटी बौद्ध आणि कुंडलिनी परंपरेतल्या, स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखायला सांगितले. साधकांना आपण चांगले ओळखतो असे वाटत होते. प्रत्यक्षात ते ध्यान न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. ‘मला आतले जाणवते’ हे साधकाचे म्हणणे प्रामाणिक असते, अचूक असेलच असे नाही. या विषयातला बराचसा पुरावा साधकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभा आहे, हे वाचताना विसरू नये.

अजून काय सुटलेले नाही

सर्वांत मोठी अडचण साधी आहे. मेंदूच्या आतले पाहणाऱ्या एमआरआय यंत्रात डोके हलवायचे नसते. थोडे हलले तरी चित्र बिघडते. डोक्याला लावलेल्या विद्युतपट्ट्याही स्नायूंच्या हालचालीने गोंधळतात. त्यामुळे हालचालीतल्या ध्यानाबद्दल जे मोजले गेले ते जवळजवळ सगळे हालचालीच्या आधीचे आणि नंतरचे आहे. वाद ज्याच्यावर आहे ते ‘चालू असताना’ मोजमापातून निसटते, आणि नेमके तेच ग्रंथांतही नाही.

दुसरा प्रश्न वेगाचा. ऊर्जाखर्चाच्या एका आढाव्यात बहुतेक योगाभ्यास हलक्या व्यायामात मोडला, पण सूर्यनमस्काराची नोंद ७.४ मेटपर्यंत गेली. मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या खर्चाची पट. सातपट खर्च होत असताना श्वास फुलतो, आणि फुललेल्या श्वासाबरोबर हालचाल जोडायची म्हणजे श्वासाने हालचालीमागे धावायचे. एक नमस्कार वीस सेकंदांत घालणारा आणि दोन मिनिटांत घालणारा एकच अभ्यास करतात असे मानून त्यांची आकडेवारी एकत्र करणे मला पटत नाही. तरी ते सर्रास होते.

तिसरा सवयीचा. क्रम अंगवळणी पडला की मन मोकळे होते, असे विन्यासाची बाजू सांगते. पण अंगवळणी पडलेले काम करताना मन मोकाटही सुटते. पोळ्या लाटणाऱ्या कुणालाही विचारा. हजार नमस्कारांनंतर लक्ष गाढ होते की पातळ, याचे उत्तर माणसागणिक बदलत असावे, पण ते कशाने बदलते हे कुणी नीट पाहिलेले नाही.

माझे मत विचाराल तर हालचालीतल्या ध्यानाच्या बाजूने जो भरवशाचा पुरावा आहे तो सतत वाहण्याच्या बाजूने नाही. तो हलून थांबण्याच्या बाजूने आहे. आवर्तन ध्यानात थांबा आहे, महासी परंपरेत चालण्यानंतर बैठक आहे, झेनमध्ये दोन बैठकांच्या मध्ये चालणे आहे, अय्यंगारांच्या वर्गात थांबणेच मुख्य आहे. हालचाल मनाला जागे करते आणि त्या जागेपणाचा उपयोग थांबलेल्या क्षणी होतो. धारणेपर्यंत नेणारी चांगली वाट म्हणून हलत्या आसनाची बाजू मला भक्कम वाटते. तेच ध्यान आहे हा दावा मात्र अजून मांडलेलाच आहे, सिद्ध झालेला नाही. कुवलयानंदांनी पोटातला दाब मोजायला साधने उभी केली. मधल्या दीड-दोन सेकंदांतले लक्ष मोजायला तसे साधन अजून नाही, आणि ते येईपर्यंत करणाऱ्यांच्या नोंदी हाच पुरावा.

म्हणून योगवर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. आठवड्यातून एक दिवस आकडे मोठ्याने म्हणू नका. बारा नमस्कार प्रत्येकाला त्याच्या श्वासाने घालू द्या, प्रत्येक नमस्कारानंतर दोन श्वास उभे राहू द्या, आणि वर्ग सुटण्याआधी एका ओळीत लिहून घ्या: तिसरीतून चौथीत जाताना लक्ष कुठे होते? वही, पेन आणि पाच मिनिटे एवढाच खर्च आहे. वर्षभर चालवलेली अशी वही तुमच्याकडे असेल, तर ती रद्दीत घालू नका.